भालूच्या पोटातला कापूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. आजवर कापसाच्या भावाशिवाय दुसऱ्या विषयावर पेपरला लिहिलं नाही. आज एका कापडी अस्वलाबद्दल लिहितो आहे. पत्र लांबलं तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी राहू द्या.

माझी नात सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. तिचा बाप पुण्याला कंपनीत आहे. नोकरीवर निघाला त्याच्या आदल्या दिवशी त्याने वर्ध्याहून हे अस्वल आणून दिलं. तेव्हा पोरीला नुकतं एक वर्ष पूर्ण झालं होतं. त्याचं नाव भालू. आमच्या घरी त्याला पाच पावसाळे झाले. मूळ रंग तपकिरी होता, आता वाळल्या तुराटीसारखा झाला आहे. झोपताना ती त्याचा उजवा कान चिमटीत धरते, म्हणून त्या कानाची लव पार झिजून गेली आहे.

यंदा श्रावणात सुनेने भालू धुऊन अंगणातल्या तारेवर टाकला. पाणी पिऊन जड झालेला, तार खाली वाकली आणि गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडी लागला. आम्ही धावेपर्यंत पोट चिरलं होतं, डावा हात खांद्यातून सुटला होता आणि एक डोळा कुठे गेला तो सापडलाच नाही. आतलं पांढरं फायबर चिखलात पसरलं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कायले फिरता? ऑर्डर करतो, चार दिवसांत नवा येते." नातीने माझ्या हातातून फोन घेतला आणि बापाला सांगितलं, "नव्याले माह्या गोष्टी मालूम नाही." एवढंच बोलली. मग चिखलातलं फायबर वेचून तिने उशीच्या अभ्र्यात भरलं. तिचं ते वेचणं पाहून मी ठरवलं की हा भालू दुरुस्त होईल.

दुसऱ्या दिवशी एसटीने तालुक्याला गेलो. पहिल्या शिंप्याने भालू हातातही घेतला नाही. तो उद्धट नव्हता. त्याने खरं तेच सांगितलं, "काकाजी, याले दीड तास जाईन. तेवढ्यात मी चार पँटी खालून मुडपतो. दीड तासाचे पैसे मागतले तर तुम्हीच म्हणान, चार टाक्यांचे एवढे कायचे." मला उत्तर सुचलं नाही. मागे एकदा छत्रीच्या काडीसाठी मी स्वतः असंच बोललो होतो. आणखी दोन दुकानं झाली, तिथे तर हसले.

मग आठवडी बाजारात गेलो, नातीला घेऊन. तिथे पिंपळाखाली एक गादीवाले बसतात. घराणं पिंजाऱ्यांचं. त्यांचे वडील दिवाळीनंतर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर घेऊन आमच्या गावात येत. ओसरीवर बसून पिंजणाची तात छेडली की तिच्या आवाजाने आम्ही पोरं जमा व्हायचो आणि कापसाचा धुरळा नाकातोंडात जाईपर्यंत हलायचो नाही. आता कापूस मशीनवर पिंजतात आणि लोक फोमच्या गाद्या घेतात. गादीवाल्यांकडे बाजाराच्या दिवशी दोन-तीन उशांचं काम आलं तर आलं.

त्यांनी भालू मांडीवर घेतला, शिवणी उलटसुलट पाहिल्या आणि माझ्याशी न बोलता नातीशी बोलले. "पोरी, याचं पोट पुरं उघडा लागते. तू हात धरून ठेव, म्हणजे तो भेणार नाही." तिने भालूचा उरलेला हात धरला. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

आत काय भरायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. आम्ही कापूस पिकवणारी माणसं, मला वाटलं सगळा कापूसच भरावा. ते म्हणाले, नाही. कापूस पाणी धरतो, पावसाळ्यात आतून वाळत नाही, वास मारतो आणि दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात. काटेसावरीचा कापूस हलका, पाणी लवकर धरत नाही, उशीला उत्तम. पण तो इतका गुळगुळीत असतो की त्याचं सूत निघत नाही, आणि झिजल्या कापडातून बाहेर येत राहतो. फायबर लवकर वाळतं, म्हणून हातापायांत आणि डोक्यात जुनंच भरायचं, कोमट पाण्यात साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, बोटांनी मोकळं करून. पोटात मात्र भर कमी पडत होती. तिथे मांजरपाटाची छोटी पिशवी करून तिच्यात घरचा कापूस घालायचा. पुढे भालू धुवायचा झाला की पोटाची शिवण उसवून पिशवी काढून घ्यायची, वाळल्यावर परत ठेवायची. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

कापूस घरात होता. भावाची वाट पाहत गेल्या हंगामातले काही क्विंटल मागच्या खोलीत पडून होते. (जून-जुलैपर्यंत कापूस घरात राहिला की लेकराबाळांच्या अंगाला कशी खाज सुटते, हे कापूसवाल्या घरांना सांगायला नको.) तो भालूत घालायची माझी हिंमत झाली नाही. पण आमच्या घरची बाई चातुर्मासात वाती वळते. त्यासाठी तिने पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस डब्यात निवडून ठेवला होता, त्यातला तिने काढून दिला. आजी-नात दोघी ओसरीवर सरकी काढत बसल्या. शंभर ग्रॅम कापसातून रुई निघते जेमतेम तेहतीस-पस्तीस ग्रॅम, बाकी सरकी. पोरीने सरकीचा ढीग पाहून विचारलं, "आबाजी, कापसात कापूस एवढासाच असते का?" आयुष्यभर कापूस विकला, पण असं कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवस ती रुई उन्हात तापवली, पुढच्या बाजारी गादीवाल्यांनी ती हाताने पिंजून पिशवीत भरून दिली.

शिवण गावातच झाली. आमच्या गल्लीत एक बाई पायमशीनवर ब्लाऊज शिवते. मी दोन वेळा तालुक्याला गेलो, पण चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिने मशीन लावलीच नाही. दुहेरी दोऱ्याला मेण लावलं आणि दोन्ही काठांच्या आतून आडवी सुई घालत, टाका वर दिसू न देता, पोट मिटवलं. खांद्याला टीप दोनदा घातली. डोळ्यासाठी मी बटण नेलं होतं, ते तिने परत केलं. "काकाजी, घरात रांगतं पोट्टं आलं तर बटण तोडून गिळन. डोळा भरून देतो." काळ्या दोऱ्याने भरलेला तो डोळा दुसऱ्या डोळ्यापेक्षा थोडा बारीक झाला आहे. नातीचं म्हणणं, भालू त्या बाजूने झोपेत असतो.

पैशाचं सांगतो, कारण मुद्दा तोच आहे. गादीवाले घेत नव्हते. "लेकराच्या खेळण्याचे काय पैसे, भाऊ." शिवणाऱ्या बाईने तीस रुपये म्हटले तेही लाजत. मी दोघांनाही शंभर-शंभर दिले आणि हात जोडून घ्यायला लावले. ज्या कामाचं मोल घ्यायची कारागिराला लाज वाटते, ते काम तो आपल्या मुलाला शिकवत नाही. गादीवाल्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे.

आपल्या भागाला दुरुस्ती नवी नाही. लेकरांनी लाकडी बैल मिरवायचा तान्हा पोळा आपल्याकडे १८०६ सालापासून, नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांपासून चालत आल्याचं सांगतात. आमच्या घरचा लाकडी बैल माझ्या वडिलांनी ओढला, मी ओढला, माझ्या मुलाने ओढला. त्याची चाकं तीनदा बदलली, एक शिंग सुताराने नवं बसवलं, रंग दरवर्षी लागतो. तरी तो तोच बैल. यंदा तान्ह्या पोळ्याला नातीने त्याच्या पाठीवर सुतळीने भालू बांधला आणि दोघांना मिरवलं. घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मिळाले, तो बोजारा तिने भालूच्या नावाचा वेगळा मागून घेतला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे विषय तिने घेतले. त्यात शेतीची अवजारं आहेत याचा मला आनंद आहे, कारण एका वायसरपायी फवारणी पंप बदलायची पाळी आमच्यावर येते. पण हक्क कागदावर मिळाला तरी गावात दुरुस्त करणारा हात उरला पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. आज त्याच जिल्ह्यात माझ्या नातीच्या वर्गातल्या किती लेकरांना सुईत दोरा ओवता येतो? माझ्या नातीला आता येतो. शाळांनी आठवड्यातून एक तास सुई-दोऱ्याला द्यावा, मुलगे-मुली दोघांना.

आता विनंती. आपल्या जिल्हा पानावर महिन्यातून एकदा चौकटभर जागा दुरुस्ती करणाऱ्यांना द्या. गादीवाले, छत्रीवाले, स्टोव्हवाले, चपला शिवणारे, खेळणी नीट करणारे. कोण कुठल्या बाजारात, कुठल्या दिवशी बसतो आणि साधारण काय घेतो, एवढंच. दर छापून आला म्हणजे मागायला त्यांना संकोच होणार नाही आणि घासाघीस करायला आपल्याला. मला ही माणसं शोधायला दोन आठवडे लागले. दर लेकराच्या आबाजीकडे तेवढा वेळ नसतो.

गादीवाले आणि शिवणारी बाई, दोघांनाही विचारून त्यांची नावं, पत्ते आणि दर वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. पहिल्या चौकटीत ही दोन घ्यावीत.

आपला,
एक आबाजी
ता. आर्वी, जि. वर्धा