रतनवाडीच्या मामांना, त्या रात्री आम्हाला कोरडं ठेवल्याबद्दल

मामा, नमस्कार.

तुमची मुलगी तेव्हा दहावीला होती आणि तिच्याकडे मोबाईल होता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, ती तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव लिहीत नाही, न विचारता लिहिणं बरं नाही. पण अमृतेश्वराच्या देवळाच्या पुढे खाचरांच्या वरच्या अंगाला जांभूळ आणि उंबर आहे ना, तिथे मागच्या जुलैत निळी ताडपत्री बांधून बसलेली चौघं म्हणजे आम्ही. मी, माझी धाकटी बहीण आणि आमचे दोन मित्र. आठवलं असेल.

आम्ही आलो दुपारी ४ वाजता, तेव्हा नुसतं धुकं होतं, रतनगड दिसतसुद्धा नव्हता. १२ बाय १५ फुटी ताडपत्री, नायलॉनची दोरी, खाली अंथरायला प्लास्टिक, सगळं नवीन घेऊन आलो होतो आणि दोन झाडांमध्ये दोरी ताणून छपरासारखी ताडपत्री टाकली, जागा निवडली ती एकदम सपाट, मऊ लुसलुशीत गवताची. तीच चूक होती हे तुम्ही नंतर सांगितलंत. माळावर एवढं मऊ गवत जिथे असतं तिथे पाणी येऊन थांबतं म्हणून असतं.

साडेपाचला पाऊस लागला आणि पाऊस म्हणजे काय, जवळच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी का म्हणतात ते अर्ध्या तासात कळलं. वरून एक थेंब गळत नव्हता, तरी आम्ही भिजत होतो. वारा आडवा तुषार आत मारत होता, दोरीवरून पाणी ओघळत येऊन बरोबर मधोमध टपकत होतं, आणि खालचं प्लास्टिक ताडपत्रीच्या बाहेर वीतभर आलं होतं त्यावर पडलेलं सगळं पाणी सरळ आमच्या अंथरुणाखाली. सहा वाजता बहिणीचे दात वाजायला लागले, ओठ निळसर. मला तेव्हा खरंच भीती वाटली होती मामा, मी कोणाला बोलले नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभर आवणी, म्हणजे भाताची लावणी, करून घरी चालला होतात. हसला नाहीत, ओरडला नाहीत. आधी बहिणीकडे बघितलंत आणि म्हणालात, हिला पहिलं कोरडं घाला. स्वतःची घोंगडी काढून दिलीत, ती वरून ओली होती तरी आतून ऊब होती. मग घरी चला म्हणालात, आवणीची माणसं आहेत पण ओसरीवर जागा होईल. आम्हीच संकोचलो, आधीच भरलेल्या घरात अजून चार जण कुठे म्हणून. त्यावर तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, “मग नीट बांधू, सोडा सगळं.”

आणि सगळं सोडायला लावलंत. स्वतः एकही गाठ मारली नाहीत, आमच्याच हातून करून घेतलंत, यासाठी तर मी जास्त आभारी आहे.

माझा मित्र बाजूने चर खणायला गेला तर तुम्ही त्याचा हात धरलात. बांध खणायचा नाही, ते पाणी खालच्या खाचरात सुटेल आणि आज लावलेली रोपं घेऊन जाईल. पाण्याला अडवण्यापेक्षा आपणच त्याच्या वाटेतून उठायचं. पंधरा-वीस पावलांवर जरा उंचावर, थोड्या उताराची, खडेवाळ जागा होती, आम्ही ती बोचेल म्हणून सोडली होती. तुम्ही बाटलीतलं पाणी तिथे ओतून दाखवलंत, ते दोन बाजूंना पांगून निघून गेलं. वर सुकी फांदी नाही ना तेही मान वर करून बघितलंत.

मग वारा. पाऊस गडाकडून येतोय म्हणून त्या बाजूची ताडपत्रीची कड पार जमिनीला टेकवायला लावलीत, वर दगड, आणि विरुद्ध बाजू छातीइतकी उंच. आम्ही ती बाजूपण बंद करायला निघालो होतो. नको म्हणालात, चार माणसांचा श्वास आत कोंडला की ताडपत्रीला आतून घाम येतो आणि पहाटे तोच अंगावर पडतो.

तोवर आमच्या ताडपत्रीची कोपऱ्यातली एक कडी वाऱ्याने उखडली होती, कापडाला भोक पडलेलं. तुम्ही वाटेवरचा लिंबाएवढा गोल खडा उचलला, ताडपत्रीच्या आतून धरला, बाहेरून त्याची पुरचुंडी केल्यासारखी मुठीत पकडायला लावली आणि त्या मानेला दोरी आवळायला सांगितली. जितकं ओढू तितकं घट्ट. मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, निघालं नाही. आणि दोरीवरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी खिशातून सुतळी काढलीत, ताडपत्रीच्या जरा अलीकडे दोरीला दोन वेढे देऊन टोक खाली सोडायला लावलंत. आम्ही बॅटरी लावून बघत होतो. थेंब दोरीवरून पळत यायचा, सुतळीपाशी थबकायचा आणि टोकावरून बाहेरच गळून पडायचा, मग दुसरा, मग तिसरा. बहीण घोंगडीतून डोकं काढून ते बघत होती आणि पहिल्यांदा हसली.

खालचं प्लास्टिक कडेने दुमडून आत घेतलं. जाताना म्हणालात, नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून एकदा ताण द्या नाहीतर वर पाण्याचा फुगा धरेल. गेलात आणि अर्ध्या तासाने परत आलात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेंढ्याचा भारा खांद्यावर. तो अंथरुणाखाली पसरला तशी जमिनीची गारठ थांबली. पेंढा म्हणजे तुमच्या गुरांची वैरण आणि पावसाळ्यात ती किती मोजून वापरतात हे मला नंतर समजलं. पैसे काढले तर रागावलात.

रात्री २ वाजता मी उठून दोऱ्या ताणल्या. पाऊस कोसळत होता, पागोळ्या समोरून पडद्यासारख्या पडत होत्या आणि आत सगळे गाढ झोपले होते. बहिणीचा तळवा हातात घेऊन बघितला. गरम होता.

यंदा आईसोबत वारीत सासवडपर्यंत चालले. मुक्कामाला पाऊस आला आणि दिंडीच्या स्वयंपाकावरची ताडपत्री मधोमध पोटासारखी लोंबायला लागली, दोन कड्या तुटल्या, खाली भाताचं पातेलं चुलीवर. मी खडे घालून कोपरे बांधले, वाऱ्याकडची बाजू खाली ओढली, ताणलेल्या दोरीला सुतळ्या सोडल्या. भात वाचला, सगळे जेवले. एक माउली विचारत होत्या, पोरी कुठं शिकलीस गं हे. मी म्हटलं रतनवाडीला, आमच्या मामांकडे.

मामा, तुम्ही दिवसभर पाण्यात वाकून उभे होतात आणि तरी अंधार पडेपर्यंत आमच्यापाशी थांबलात. तेव्हा गडबडीत धड थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं. मनापासून आभार, मामींचेपण, सकाळी त्यांनी दिलेल्या चहाचे आणि नाचणीच्या भाकरीचे.

पुढच्या आवणीला आम्ही दोघी बहिणी येणार आहोत, चार दिवस सुट्टी काढून. रोपं लावता येत नाहीत, पण मुठी बांधून बांधावर आणून देऊ, सांगाल ते करू. आणि या वेळी ओसरीवरच झोपू, नाही म्हणणार नाही.

तुमची,
घोंगडीवालीची मोठी बहीण