बाड एम्सचा कारभार कोण हाकतं?

बाड एम्स, जर्मनी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची हयात नगरपालिकेत गेली, तेव्हा या गरम झऱ्यांच्या गावाचा कारभार कोण हाकतं हा तुमचा प्रश्न साहजिकच आहे. गंमत अशी, की इथला मोठा निर्णय गावाने क्वचितच घेतला.

1324 साली जर्मन राजाकडून शहराचा दर्जा मिळाला. पण गरम झऱ्यांवर डोळा सगळ्यांचा. पुढे कित्येक पिढ्या हेसन-डार्मश्टाट आणि नासाउ ही दोन घराणी गाव सामाईकात खात होती. मग नासाउची डची म्हणजे ड्यूकचं संस्थान आलं, 1866 मध्ये प्रशिया हे मोठं जर्मन राज्य. प्रशियाने 1872 अखेर जुगारघराला टाळं लावलं, ते 1987 मध्ये उघडलं.

नदीकाठच्या फिरण्याच्या वाटेवर एक दगड आहे. त्यावर तारीख, वेळ एवढंच: 13 जुलै 1870, सकाळी 9 वाजून 10 मिनिटं. प्रशियाचा राजा विल्हेल्म इथे झऱ्याचं पाणी घ्यायला आला होता, फ्रेंच राजदूताने त्याला वाटेत गाठलं. त्या बोलण्याची तार राजाचा मुख्यमंत्री बिस्मार्क याने काटछाट करून छापली आणि सहा दिवसांत फ्रान्सने युद्ध पुकारलं. 1876 मध्ये रशियाचा झार अलेक्झांडर दुसरा याने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर बंदी घालणारा हुकूम काढला, तोही इथूनच. गावाला विचारतो कोण!

आता कारभार. नगराध्यक्ष थेट निवडून येतो, पाच वर्षांसाठी, पण मानद. पूर्णवेळ, पगारी अध्यक्ष असतो तो वरच्या 'फेरबांड्सगेमाइंडे'चा, म्हणजे गावांच्या संघाचा, आठ वर्षांसाठी. 1 जानेवारी 2019 ला बाड एम्स आणि शेजारचं नासाउ गाव यांचे दोन संघ एक झाले, आता त्यात 28 गावं आहेत. पाणी, सांडपाणी, अग्निशमन, प्राथमिक शाळा संघाकडे. गावच्या ठरावांची अंमलबजावणीही संघाचंच कार्यालय करतं, आणि त्याचा खर्च गावांकडून वर्गणी म्हणून वसूल होतो. आपल्याकडच्या पंचायत समितीला असे अधिकार मिळाले तर सरपंच मोर्चा काढतील.

मतदान मात्र तुम्हाला आवडेल. सभागृहात जागा जितक्या, तितकी मतं प्रत्येकाला. ती वेगवेगळ्या पक्षांत वाटता येतात, एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, चौथं मोजत नाहीत. युरोपीय संघातल्या परक्यांना मत आहे, आम्हा भारतीयांना नाही.

मुक्कामी पाहुण्यांकडून रोजचा कर घेण्याची कायद्यात सोय आहे. तो पैसा पाहुण्यांच्या सोयीसुविधांवरच खर्चायचा, रस्त्यांचे खड्डे त्यातून बुजवता येत नाहीत. 2021 पासून बाड एम्स युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, युरोपातल्या अकरा स्नाननगरांपैकी एक.

काकूंसाठी एम्सच्या मिठाच्या पुड्या पाठवतोय. जलनेतीसारखंच करायचं: 2.5 ग्रॅमची एक पुडी, 250 मिलिलिटर पाणी. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यावं. काटकसर म्हणून अर्धी पुडी टाकू नये. द्रावण रक्तापेक्षा पातळ झालं की नाक झोंबतं, आणि मग दोष मिठाला जातो.

तुमचा पुतण्या