शिकवायचंय, पण आधी शिकवायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तांसाठी वर्तमानपत्रांत जे छापून येतं त्यात ब्लड प्रेशर, काशीयात्रा आणि मुदत ठेवींचे व्याजदर एवढंच असतं. साठीच्या आसपासचा माणूस आणखी काही शिकू पाहतो, त्यावर चार पैसे मिळवू पाहतो, हे कुणाच्या गावीच नसतं. म्हणून हे पत्र.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी सुपरवायझर आहे. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होतील. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिचा हिशेब आमच्यासारख्या बहुतेकांना महिना १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेतच बसतो. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. उत्तर काय येतं ते वाचकांनीच काढून बघावं. तेव्हा 'आता घरी निवांत बसा' हा सौभाग्यवतींचा सल्ला प्रेमाचा असला तरी परवडणारा नाही. शिवाय मला शिकवायला आवडतं.

आमच्याकडे खानापूर, नंदगड, जांबोटी भागातली आयटीआय झालेली पोरं अप्रेंटिस म्हणून येतात. हात चांगला, कामाला मागं हटत नाहीत. पण ड्रॉईंग पुढ्यात आलं की गडबडतात. एकानं मागे फ्लँजचं भोक उलट्या बाजूला पाडलं. विचारलं तर म्हणाला, "असंच शिकवलेत की सर आम्हाला." त्याचंही खरंच होतं. आपल्याकडे ड्रॉईंग फर्स्ट अँगलमध्ये शिकवतात, म्हणजे उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडे काढायची. अमेरिकेच्या ऑर्डरचं ड्रॉईंग थर्ड अँगलमध्ये येतं, त्यात ती उजवीकडेच असते. कुठली पद्धत हे सांगणारं कापलेल्या शंकूचं बारकं चिन्ह कागदाच्या कोपऱ्यात असतं. ते आधी बघायचं, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी डब्यातलं गाजर कापून दोन्ही बाजूंनी धरून दाखवलं. आता तो नव्या पोरांना दाखवतो. (भाषेचं म्हणाल तर मशीनवर मराठी, कानडी, उर्दू तिन्ही चालतात. सीमाप्रश्न गेटच्या बाहेर.)

पण एका पोराला गाजर दाखवणं वेगळं आणि वीस पोरांचा वर्ग वर्षभर सांभाळणं वेगळं. धड्याचे भाग कसे पाडायचे, मागं राहिलेल्याला कसं ओढायचं, परीक्षा कशी घ्यायची, हे मला येत नाही. ते शिकावं म्हणून चौकशीला लागलो. बी.एड.ला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. माझ्या एका पदवीधर मित्राला वाटलं, आपण दूरशिक्षणातून करू. तर दूरशिक्षणाचं बी.एड. नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेल्या लोकांसाठी आहे. बाकीच्यांनी दोन वर्षं कॉलेजात बसायचं. मला जवळचा रस्ता आयटीआय इन्स्ट्रक्टरच्या कोर्सचा, म्हणजे सीआयटीएसचा. तो डिप्लोमावर करता येतो. पण मी चौकशी केली ती बंगळूर आणि मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांची, आणि तिथं पूर्ण वर्ष राहावं लागतं. बंगळूर इथून पाचशे किलोमीटर. या वयात होस्टेलची खोली आणि मेसचं जेवण? आणि तेवढं करून सरकारी कायम जागा मिळणार नाहीच. मिळालं तर गेस्ट टीचरचं काम.

माझं म्हणणं एवढंच. या कोर्सात ट्रेडची थिअरी, ड्रॉईंग, प्रॅक्टिकल आणि ट्रेनिंग मेथडॉलॉजी, म्हणजे शिकवायची पद्धत, असं सगळं असतं. जन्मभर लेथ आणि मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला यातली पहिली तीन पुन्हा शिकवू नका. हवी तेवढी कडक परीक्षा घ्या, नापास झाला तर घरी पाठवा. चौथी मात्र नीट शिकवा, आणि ती बेळगावात शिकवा, शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये, नोकरीची शेवटची दोन वर्षं चालू असतानाच. निवृत्त झाल्यावर शोधाशोध करण्यात वर्ष जातं आणि मग माणूस कट्ट्यावर रमतो.

जून २०२२ मध्ये कर्नाटकातल्या नूतनीकरण केलेल्या १५० सरकारी आयटीआयचं लोकार्पण झालं, टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीनं नवीन यंत्रं आली. चांगलंच झालं. पण यंत्राशेजारी उभं राहून 'हा आवाज आला की टूल बदल' असं सांगणारा माणूस यंत्राच्या खोक्यातून येत नाही. तो उद्यमबागेत आणि मच्छेत मिळतो, आणि दरवर्षी त्यातले कितीतरी हार-नारळ घेऊन घरी जातात.

तोवर मी केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, कोर्स लावलाय. शिकणं फुकट, सर्टिफिकेटच्या परीक्षेला तेवढी फी. लेक्चर इंग्रजीत असल्यानं व्हिडिओ थांबवून थांबवून बघावा लागतो, पण कळतं. मुख्य म्हणजे पन्नाशीतल्या प्राध्यापकाला फळ्यावर समजावताना बघून, कुठं थांबायचं हेही थोडं कळायला लागलंय.

बेळगाव किंवा खानापूरच्या एखाद्या आयटीआयच्या प्राचार्यांच्या वाचनात हे पत्र आलं, तर ड्रॉईंग वाचनाचे चार रविवार मी आत्ताच, बिनपगारी घ्यायला तयार आहे. अट एकच: मागच्या बाकावर एका जुन्या मास्तरांना बसवा आणि तास संपल्यावर माझं काय चुकलं ते त्यांना सांगू द्या. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक क्वालिटी सुपरवायझर,
अनगोळ, बेळगाव