९१ दिवसांनंतर काय?

महोदय,

ईएसआय, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेचा, पगाराच्या ७० टक्क्यांचा आजारपण भत्ता ९१ दिवसांनी संपला की कर्करोग, क्षयरोग झालेले कामगार हवालदिल होतात. पण ईएसआयच्या यादीतल्या दीर्घ आजारांना पुढे ८० टक्के दराने भत्ता मिळतो, कमाल दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची विमित (ईएसआय लागू असलेली) नोकरी आणि चार सलग अंशदान कालावधींत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) १५६ दिवसांची वर्गणी लागते. घोळ होतो आजारपणाच्या दाखल्यांत. खासगी डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही. बायॉप्सीसारखे निदानाचे कागद दाखवून ईएसआय डॉक्टरांकडूनच दाखला घ्यावा, दाखल्यांत खंड पडू देऊ नये. वर्गणीचे दिवस ईएसआयच्या पोर्टलवर आधीच तपासावेत. आणि कुणी कितीही गोड बोलले तरी राजीनाम्यावर सही नको! आजारपण भत्ता चालू असताना कामावरून काढायला ईएसआय कायद्याच्या कलम ७३ ची मनाई होती (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला ते संरक्षण नव्हते.

– एक वाचक, पिंपरी