सुनेच्या गोळ्या परस्पर बंद करू नका

आमच्या नारायण पेठेतल्या औषधांच्या दुकानात मध्यंतरी एक सासूबाई सुनेच्या सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप परत घेऊन आल्या. 'दिवस गेलेत तिला. या गोळ्यांनी बाळ लवकर होतं म्हणे. पैसे नाही दिलेत तरी चालेल.' पैसे न मागणारं गिऱ्हाईक पेठेत विरळाच! डॉक्टरांना विचारलंत का, यावर मात्र उत्तर आलं नाही.

नैराश्याची औषधं घेणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांआधी प्रसूतीचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, हे खरं. पण उपचार न केलेल्या नैराश्यातही ते वाढलेलं दिसतं. जेवण सुटतं, झोप उडते, तपासण्या चुकतात. मग दोष गोळीचा किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड. गोळी एकदम तोडली तर चक्कर, घालमेल आणि आजार उलटण्याची भीती असतेच. पॅरॉक्सेटिनसारखं औषध गरोदरपणात शक्यतो टाळतात. पण तो बदल मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून करायचा, घरच्यांनी नव्हे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या जोडीला मनाची चौकशीही महापालिकेच्या दवाखान्यांत सक्तीची करावी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरवर छापायला तर फारसा खर्चही नाही.

– एक औषधविक्रेता, नारायण पेठ, पुणे