असिंटच्या डोंगरांतून

प्रिय मित्रा,

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, असिंटमध्ये, असं काय आहे की मी संधी मिळाली की तिकडेच पळतो, असं तू विचारलं आहेस. प्रश्न रास्त आहे. इथला सर्वांत उंच डोंगर बेन मोर असिंट, तोही 998 मीटरचा. सुलवेन तर जेमतेम 731 मीटर. पण इथल्या दगडांची वयं ऐकलीस की तूच नकाशा उघडून बसशील.

लॉकइन्व्हर गावातून सुलवेनकडे चालायला लागलं की पायथ्यापर्यंत पायाखाली एकच दगड असतो, नाइस नावाचा पट्टेदार खडक. त्याचा जुन्यात जुना भाग सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. सह्याद्रीचा आपला काळा कातळ साडेसहा कोटींचा, आता तूच हिशेब कर. या नाइसचा प्रदेश म्हणजे नुसते उंचवटे आणि मधल्या खोलगटांत साठलेली काळ्या पाण्याची तळी. वाट सरळ अशी कधी जातच नाही. घाई मात्र करू नकोस. एखादा उघडा कातळ पाहून खाली बस आणि भिंग लाव. करडे, पांढरे, गुलाबी पट्टे दिसतील, कुठे बोटाएवढे जाड, कुठे दोऱ्याएवढे, आणि तेही सरळ नाहीत, पार दुमडलेले. हा दगड कित्येक किलोमीटर खोलवर, भयंकर उष्णतेत आणि दाबाखाली लवचीक झाला होता, याचा तो पुरावा. मध्येच या पट्ट्यांना आडवी छेदून गेलेली काळसर भिंत लागते. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी भेगांमध्ये शिरलेला तो शिलारस. तो आला तेव्हाच नाइस म्हातारा होता, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

आणि मग सुलवेनच्या उतारावर दगड बदलतो. करडा रंग संपून तपकिरी-लाल वालुकाश्म सुरू होतो, थरावर थर रचलेला. त्याचं वय सुमारे 100 कोटी वर्षं. म्हणजे एका पावलात मधली शेकडो कोटी वर्षं गायब! तेवढ्या काळात वरचं सगळं झिजून खोलातला नाइस उघडा पडला होता, त्याच्या टेकड्या आणि दऱ्या झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या नद्यांनी आणलेल्या वाळूखाली गाडल्या गेल्या. त्या नद्या कशा असतील याचा विचार कर. जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं, मुळांनी धरून ठेवलेला काठ नव्हता. पूर आला की पाणी वाट्टेल तसं पसरायचं. थरांमधल्या तिरप्या रेघा पाहिल्या की तो प्रवाह कोणत्या दिशेला गेला हेही कळतं. ही वाळू कित्येक किलोमीटर जाडीची होती. आज तिचे सुलवेन, कून्याग हे डोंगर असे सुटे अवशेष उरलेत, बाकी सगळं झीज आणि हिमनद्यांनी नेलं.

कून्यागवर आणखी एक गंमत आहे. गाडीतळापासून त्याच्या स्पिडेन कोनिच या शिखराकडे जाणारी वाट पांढऱ्या क्वार्टझाइटच्या, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेल्या कठीण दगडाच्या, तिरक्या फरशांवरून चढते. हा कँब्रियन काळातला, पन्नास-बावन्न कोटी वर्षांपूर्वीचा, उथळ समुद्राच्या तळाचा दगड. वरच्या थरांत फरशीवर नाण्याएवढी गोल गोल वर्तुळं दिसतात; बाजूने फुटलेला दगड पाहिला की त्याच वर्तुळांच्या उभ्या नळ्या होतात. वाळूत बिळं करून राहणाऱ्या कृमींची ती घरं. सुलवेनच्या वाळूत असं काही शोधून सापडणार नाही. इथे मात्र बिळांची दाटी आहे. मी या फरशांवर ओणवा होऊन तासन्‌तास घालवतो.

या क्वार्टझाइटचे थर पूर्वेकडे कललेले आहेत आणि खालच्या वालुकाश्माचे जवळजवळ आडवे. थर साचतात ते आडवेच, म्हणजे समुद्र आला तेव्हा वालुकाश्म पश्चिमेकडे कललेला होता, मग तो झिजून सपाट झाला, वर समुद्राची वाळू बसली आणि पुढे सगळं मिळून परत पूर्वेकडे कललं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते त्या उतारावर चालताना.

आता नॉकनचा कडा. इथे खाली सुमारे 50 कोटी वर्षांचा चुनखडक आणि वर सुमारे 100 कोटींचा काळपट शिस्ट, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पापुद्र्यांचा दगड. जुना दगड नव्याच्या डोक्यावर! एकोणिसाव्या शतकात यावरून मोठा वाद पेटला. ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख रॉडरिक मर्चिसन म्हणाले, वरचा तो नवा, बस. भूवैज्ञानिक जेम्स निकोल ठामपणे सांगत राहिले की वरचे दगड जुने आहेत, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. 1879 मध्ये ते गेले. मग दुसरे भूवैज्ञानिक चार्ल्स लॅपवर्थ यांनी उत्तरेला एरिबोलच्या परिसरात इंच इंच जमीन पायी फिरून नकाशे केले आणि निकोलच बरोबर निघाले. मर्चिसनचे शिष्य आर्चिबाल्ड गीकी तेव्हा खात्याचे प्रमुख. त्यांनी खात्यातल्या बेन पीच आणि जॉन हॉर्न यांना पाठवलं, त्यांचे नकाशेही तेच सांगू लागले, तेव्हा गीकींनी 1884 मध्ये जाहीरपणे आपलं मत मागे घेतलं. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. पीच आणि हॉर्न यांचा मोठा ग्रंथ 1907 मध्ये आला.

झालं होतं असं: सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वी मधला महासागर मिटून स्कँडिनेव्हियाचा भूखंड येऊन आदळला आणि खोलातले जुने खडक तिरक्या भेगेवरून कित्येक किलोमीटर पश्चिमेला, नव्या खडकांच्या वर सरकवले गेले. कड्यावर ती रेघ उघडी आहे. अंगठा चुनखडकावर आणि करंगळी शिस्टवर ठेवता येते. सांध्याजवळचा दगड रगडून रगडून इतका बारीक झालाय की हाताला गुळगुळीत लागतो.

तर तू ये. मे महिना उत्तम. पुढे उन्हाळ्यात चिलटं जीव नकोसा करतात. उंच घोट्याचे, पाणी न शिरणारे बूट आण, कारण वाटा दलदलीच्या आहेत, आणि दहापट दाखवणारं भिंग आण. सुलवेनला येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर पडतं आणि शेवटची चढण खडी आहे. तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे ते आधी कळव. दुखत असेल तर आपण नॉकनपासूनच सुरुवात करू, तिथली वाट छोटी आहे.

तुझा मित्र