मांना वास येत नाही

कोलकाता,
५ जानेवारी

प्रिय शमे,

तुझा दिवाळीचा डबा आला, चिठ्ठी आली, चिरोटे ह्याने एकट्याने संपवले, आणि उत्तर मात्र आता संक्रांतीच्या तोंडावर लिहितेय. राग आला असेल तर थोडा वेळ बाजूला ठेव, पत्र वाचून झालं की भांड. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. माझी पाठ आहे तशीच, ह्याची शुगर आटोक्यात.

लिहायचंय ते मांबद्दल. घरात कुणापाशी बोललेले नाही. ह्याच्यापाशी नाही, ननंदेपाशी तर नाहीच नाही. आप्पांना ऐकू येईनासं झालं तेव्हाचं सगळं तू काढलंयस, म्हणून तुला.

मांना वास येत नाही, शमे. दुर्गापूजेनंतर त्यांना ताप आला होता ना, तेव्हापासून असावं. कदाचित आधीच थोडं थोडं जात असेल आणि उरलंसुरलं तापाने नेलं असेल. त्या काही बोलत नाहीत. आणि त्यांचं नाक म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. तू आलीस तेव्हा पिशवी उघडायच्या आधी, दारातच त्यांनी विचारलं होतं, "कांदा-लसूण मसाला आणलास?" तू दिवसभर म्हणत होतीस, तुझ्या सासूबाई पोलिसात हव्या होत्या.

पहिली शंका मला बरणीपाशी आली. बोडोदिनच्या, म्हणजे नाताळाच्या, केकसाठी आमच्याकडे पूजा संपली की मोठ्या काचेच्या बरणीत मेवा रममध्ये भिजत घालतात. काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल, साखरेत मुरवलेला कोहळा, पाकवलेलं आलं. डिसेंबर उजाडला की मा मधूनमधून झाकण काढतात, वाकून हुंगतात आणि निकाल देतात. अजून थोडी रम घाल, किंवा आता हात लावू नको. यंदा झाकण काढलं, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ होऊन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तुला काय वाटतं, बौमा?"

या घरात आल्यापासून केकच्या बाबतीत मला काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. मला आधी आनंदच झाला गं. आत गेले तेव्हा कुठे छातीत धस्स झालं.

तो केक तुला आठवत असेलच. न्यू मार्केटात नाहूमच्या दुकानापुढे रांगेत उभं राहून आपण त्यांचा फ्रूट केक आणला होता, आणि घरी पोचेपर्यंत टॅक्सीतच तू अर्धा संपवलास. रात्री मांचा खाल्लास आणि म्हणालीस, १९०२ सालापासून केक करणाऱ्यांनी इथे येऊन शिकावं. मा ते अजून पाहुण्यांना सांगतात. त्यातलं गुपित तेव्हा तुला सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी मला तंबी दिली होती. आज सांगते. मांचं माहेर तालतल्याचं. शेजारी एक अँग्लो-इंडियन बाई होत्या. त्या नाताळाआधी लोणी, अंडी, मेवा सगळं घरचं घेऊन बेकरीत जायच्या आणि आपल्या देखत फेटून, भाजून घ्यायच्या. (त्याच भागात सालदान्हांची बेकरीही आहे, १९३० सालची, कुटुंब गोव्याचं. ते कळल्यावर मला उगीच आपलं कुणीतरी भेटल्याचं वाटलं होतं.) मा लहानपणी त्या बाईंचं बोट धरून जायच्या. काळा रंग यायला त्या केकात साखर जाळून घालतात. मांनी लग्नानंतर जळक्या साखरेच्या जागी झोला गुर घालायला सुरुवात केली. साहेबांचा केक आणि बंगालचा गूळ, हे लग्न त्यांनी लावलं. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा आधी रमचा वास, मग संत्र्याचा, आणि सगळ्यात शेवटी रानात कुठेतरी चूल पेटल्यासारखा गुराचा.

यंदा तो त्यांनी केला. प्रमाण हाताला पाठ आहे, त्यामुळे केक उत्तम झाला. पण ओव्हन उघडल्यावर त्या नेहमी डोळे मिटतात, तसे मिटले नाहीत. सरळ सुरी घेतली.

आता गुराचं सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट कळेल. आपल्याकडे ज्या झाडाची शिंदी काढतात, त्याच झाडाचा हा गूळ, नोलेन गुर. इथे हिवाळ्यात शिउली, म्हणजे रस काढणारा, झाडावर चढतो, शेंड्याखालची साल तासतो, संध्याकाळी मडकं बांधतो आणि पहाटे उतरवतो. ऊन चढायच्या आत रस आटवायला लागतो, नाहीतर आंबतो. झाडाला काही दिवस विसावा देऊन पुन्हा कापलं की पहिल्या रात्रीचा जो रस येतो तो सर्वांत उंची, त्याला जिरेन म्हणतात. पातळ ठेवला तो झोला गुर, वड्या पाडल्या की पाटाली. थंडी कडक असली तर रस निवळशंख. थंडी पडली नाही की रस गढूळ, गूळ बसत नाही, आणि लोक त्यात साखर ओततात. हल्ली साखर आणि वर एसेन्स. तुझ्या मामांच्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा ना? इथे पाटाली बोटाने दाबून बघतात. खरी दबते. साखरेची टणक असते आणि मोडली की आत चकाकते. पण एसेन्स बोटाला कळत नाही, ते नाकाचंच काम.

तर नाताळाच्या आधी ह्याच्या ऑफिसातल्या कुणी पाटाली आणून दिली. कागद सोडला आणि एसेन्सचा भपकारा आला. मांनी दाबून बघितली, मऊ लागली, "छान आहे" म्हणाल्या. मी अंघोळ करून येईपर्यंत दूध चुलीवर. दोन लिटर दूध आटवून, त्यात गोबिंदोभोग तांदूळ शिजवून, खाली उतरवून, कोमट झाल्यावर गूळ घालून पायेश तयार. (गरम दुधात गूळ घातला की फाटतं, ते आपल्या खिरीसारखंच.) जेवताना दिराची धाकटी पहिला घास घेऊन म्हणाली, "ठाम्मा, पायेशला सेंटचा वास येतोय."

टेबलावर सगळे गप्प. मांचा डाव हवेतच. मी म्हटलं, "अगं, मी आत्ताच अत्तर लावलं, माझ्या हाताचा येत असेल," आणि दुसरी वाटी भरून घेतली. ह्याला वाटलं मला फारच आवडलं, तर त्याने त्याचीही माझ्याकडे सरकवली. शमे, तेवढा पायेश मी जन्मात खाल्ला नसेल. मा माझ्याकडे बघत होत्या. मा घरात कुणाला अत्तर लावू देत नाहीत हे त्यांना माहीत, मला माहीत.

नंतर मी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, माझीच तक्रार आहे असं सांगून. ते म्हणाले, जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती नाकाची. म्हणजे बघ, मांना नोलेन गुर आता नुसता गोड लागतोय. साखर काय आणि तो काय. म्हणूनच हल्ली त्या जेवताना लोणचं मागून घेतात. एरवी लोणच्याला हात लावत नसत. वयाने वास कमी होतो, तापाने जातो, ताप कारण असेल तर कधी महिन्यांनी हळूहळू परततो, म्हणाले. व्यायामही असतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक थोडा वेळ, मन लावून हुंगायचे, आणि हे काही महिने नेटाने करायचं. मी निघाले तेव्हा म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या." म्हणजे त्यांना कळलं होतं.

मी घरी आल्यावर लवंगा निवडायला मांच्या पुढ्यात ठेवल्या. लिंबाची साल किसायला दिली. सर्दीचं निमित्त करून त्यांच्या रुमालावर निलगिरी टाकते. पण "मन लावून" हा त्यातला खरा भाग, आणि तो त्यांना सांगितल्याशिवाय कसा व्हायचा? सांगितलं की स्वयंपाकघर त्यांच्या हातातून गेलंच. ननंद फार चांगली आहे, पण तिला कळलं तर त्याच दिवशी ती स्वयंपाकाला बाई ठेवायची गोष्ट काढेल. हा आईची काळजी म्हणून गॅसला हात लावू देणार नाही. तेही अगदीच चूक म्हणता येत नाही गं. परवा छान्याचं (पनीरचं) दूध तळाला लागून करपलं आणि मा शेजारी उभ्या होत्या. मी बाहेरच्या खोलीतून धावले. आता सोसायटीने सांगितलंय असं म्हणून गॅसगळतीचा भोंगा बसवून घेतलाय. फोडणीलासुद्धा ओरडतो मेला.

आणि संक्रांत आली. इथली पौष संक्रांत आणि आपली एकच दिवशी, ते एक बरं. पाटीशाप्टा, दूधपुली, रताळ्याची पुली ही इथली पक्वान्नं मांची. गूळपोळी आणि तिळगूळ माझं. एका ओट्यावर दोघींच्या परातींची ढकलाढकल असते. पाटीशाप्टाच्या तव्याला त्या वांग्याच्या देठाने तेल लावतात, मी माझ्या तव्यासाठी तेच देठ उचललं की ओरडतात. (गूळपोळी गार खायची, शमे. गार, घट्ट तुपाशी. गरम पोळीचं तुझं मत मी ह्या वर्षीही मानत नाही.) ननंद, तिचे जावई, सगळे त्या दिवशी इथे. खोबऱ्याचं सारण गुरात परततात तेव्हा जो वास घरभर होतो, त्यावरून मा ठरवतात कधी उतरवायचं. ह्यावेळी कशावरून ठरवणार?

काल रात्री एक झालं. मीच जाऊन, विक्रेत्यापाशी उभं राहून, नाक घालून झोला गुरची हंडी आणली. मांनी झाकण काढलं. ह्या वेळी वाकल्याही नाहीत. हंडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बौमा, सांग. कशाकशाचा येतो?"

मी सांगायला लागले. आधी धुराचा. मग ओल्या मातीचा थोडा. मग खजूर भाजल्यावर येतो तसा. त्या ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "आणि शेवटी जरा कडवट?" मी पुन्हा हुंगलं. होता. एवढासा. मी "हो" म्हटलं तर केवढ्या खूश झाल्या! "मग हा जिरेनचा. ठेव झाकून. चमच्यातून सोडून बघ, धार तुटता कामा नये." आणि मला धार कशी बघायची, खोबरं कढईची कड सोडतं तेव्हा आवाज कसा बदलतो, हे सगळं सांगत बसल्या. म्हणजे कानाने आणि डोळ्याने त्या अजून सगळ्यांच्या पुढे आहेत.

पण ह्याला मी काय समजू? त्यांनी मला सांगितलं, की मला परीक्षेला बसवलं? त्यांना कळलंय की मला कळलंय, हे नक्की. मग डॉक्टरांकडे चला म्हणायची हीच वेळ, की असं म्हटल्याबरोबर हंडी पुन्हा कधी माझ्याकडे सरकणार नाही?

आप्पांच्या तंबोऱ्यावरून आपण रंकाळ्यावर भांडलो होतो. शेंगांची पुडी तिथेच टाकून तू निघून गेलीस. मी अजूनही म्हणते, त्यांना स्पष्ट सांगितलं असतंस तर कानाचं यंत्र दोन वर्षं आधी आलं असतं. आणि तू म्हणायचीस, त्या दोन वर्षांत ते रोज गायला बसले. दोन्ही खरं आहे आणि मी नेमकी त्याच्या मधे उभी आहे. मला सल्ला नकोय, एवढंच सांग, आप्पांना तू शेवटी कसं म्हणालीस? नेमकी कुठली वाक्यं? सकाळी की रात्री? रियाजाआधी की नंतर? मला तेच हवंय.

बाकी, चिनूचं ठरलं हे ऐकून फार आनंद झाला, मुलगी सांगलीचीच ना? तारीख कळव, मी येणारच. वरच्या मजल्याचा स्लॅब पडला का? गुडघ्याचं ऑपरेशन लग्नाचं निमित्त करून पुढे ढकलू नकोस. काकूंना नमस्कार.

चिक्कीचा गूळ आणि तीळ लगेच पाठव, इथला गूळ लाडवाला चिकटच धरत नाही. मी पाटाली पाठवतेय, खरी, माझ्या नाकाखालून गेलेली. जयनगरचे मोया मागू नकोस, ते लाडू वाटेत वाळतात. फोन करणार असशील तर सकाळी कर, तेव्हा मा ठाकुरघरात असतात. दुपारी त्या माझ्या शेजारीच बसतात, आणि त्यांना आता मराठी बरंच कळतं.

तुझी,
नंदू